पैलवानाचा दंड आणि बीपीचा पट्टा

श्रोतेहो, नमस्कार. बीपीचं मशीन आता बऱ्याच घरांत आहे. सेल टाकायचे, बटण दाबायचं आणि जो आकडा येईल त्यावर जेवणापर्यंत चर्चा करायची. मला आज मशीनबद्दल नाही, दंडाला गुंडाळतो त्या पट्ट्याबद्दल बोलायचंय.

आमच्या कोल्हापूरकडं दवाखान्यात पैलवानही येतात. एकदा एका पोराला त्याचे वस्ताद घेऊन आले. पोरगा बाविशीचा, दारातून आडवा होऊन आत आला. चेहरा मात्र उतरलेला. कुठल्याशा शिबिरात बीपी तपासलं, वरचं १५४, खालचं ९८. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग काय, तालमीत एकच गोंधळ. कुणी म्हणालं तूप बंद करा, कुणी म्हणालं थंडाई बंद करा, मामा म्हणाला कुस्तीच बंद करा. शेजारच्या काकांनी तर स्वतःची बीपीची गोळी त्याला चालू करून दिली! परिणाम असा, की जोर मारून उठताना पोराच्या डोळ्यांपुढं अंधारी. वस्ताद म्हणाले, “डॉक्टर, खासबागच्या मैदानात कुस्ती धरलीया. पोरगं खेळू दे का नको, तेवढं सांगा.”

मी ड्रॉवरमधून शिंप्याची टेप काढली. वस्तादांना वाटलं, मी चेष्टा करतोय. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजला. ४१ सेंटिमीटर! मोठ्या माणसांचा नेहमीचा पट्टा साधारण ३२ सेंटिमीटर घेरापर्यंत चालतो. आधी मुद्दाम त्याच नेहमीच्या पट्ट्यानं मोजलं, १५२. मग मोठा पट्टा बांधला, पाच मिनिटं पोराला गप्प बसवलं, वस्तादांनाही गप्प बसवलं. हे दुसरं काम जास्त अवघड होतं. आता वरचं १२४, खालचं ७८. मिनिटभरानं पुन्हा पाहिलं, १२२. वस्ताद पट्ट्याकडं बघत राहिले. “मग गोळीचं काय?” म्हणाले. मी म्हटलं, “शेजाऱ्यांना परत करा, त्यांना लागेल.” गोळी बंद करून नंतरही दोन-तीनदा बोलावलं, मोठ्या पट्ट्यावर आकडा कधी १३०च्या वर गेला नाही. पोरगा खासबागेत खेळला आणि चितपट झाला, पण त्यात बीपीचा काही दोष नव्हता.

  

तर पट्टा आखूड असेल, तर आकडा जास्त येतो. पुन्हा सांगतो, पट्टा आखूड, आकडा जास्त. आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराचा निदान ८० टक्के भाग वेढायला हवी. नाहीतर धमनी दाबायला जादा हवा लागते आणि ती जादा हवा तुमच्या नावावर लिहिली जाते. इटलीच्या डॉक्टर रिवा-रोची यांनी १८९६ साली हा पट्टा आणला, तोही अरुंदच होता आणि जास्तच आकडा दाखवायचा. पुढं जर्मनीच्या डॉक्टर रेक्लिंगहाउझेन यांनी तो रुंद केला. उलट, बारीक हाताला मोठा पट्टा बांधला तर आकडा कमी येतो, म्हणजे खरं बीपी लपून राहतं. तेही वाईटच.

बाकीचं थोडक्यात. अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू-मिसरी नको. लघवी तुंबवून बसू नका. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, दंड उघडा आणि छातीच्या पातळीवर. आणि मोजताना बोलायचं नाही. बोलायचं नाही! दवाखान्यांतली बिनपाठीची स्टुलं एकदाची भंगारात घाला, असं मी प्रत्येक बैठकीत म्हणतो. चहा येतो, स्टुलं तशीच राहतात.

एका आकड्यावर बीपीचा शिक्का बसत नाही. वेगवेगळ्या दिवशी, नीट मोजून, दवाखान्यात १४०/९० किंवा त्याहून जास्त येत राहिलं तर बीपी आहे असं धरतात. घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरची रेघ १३५/८५. पण १८०/१२०च्या पुढं आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप, जीभ जड होणं असं काही असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि माझं हे बोलणं ऐकून स्वतःच्या चालू गोळ्या कुणीही बंद करायच्या नाहीत.

घरी मोजणार असाल तर आठवडाभर सकाळी गोळीच्या आधी दोनदा, रात्री दोनदा, मध्ये मिनिटभर थांबून. वहीत सगळे आकडे लिहा, आवडले तेवढेच नकोत. पहिल्या दिवसाचे सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टर काढतील. त्यांच्याकडं जाताना वही न्या, मशीनही न्या, आणि आधी टेपनं दंड मोजायला सांगा. नमस्कार.