डबीतला कापूस

स्क्रीनवर दिसतेय ती औषधाची साधी प्लॅस्टिकची डबी आहे. झाकण उघडलं की वर कापसाचा एक बोळा आणि त्याखाली एचआयव्हीवरच्या महिन्याच्या तीस गोळ्या. हा कापूस कंपनीतून आलेला नाही, घरी आणल्यावर मुद्दाम कोंबलाय. का, ते सांगतो, पण आधी गोळीबद्दल बोलू.

एचआयव्ही म्हटलं की अजूनही बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर खंगलेला, अंथरुणाला खिळलेला माणूस येतो. तसं होतं, नाही असं नाही, पण ते बरीच वर्षं उपचार न मिळालेल्या माणसाचं. त्याआधीची जी वर्षं असतात ना, ज्यात बाहेरून काहीच दिसत नाही, खरा खेळ तिथेच चाललेला असतो.

लागण झाली की साधारण दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप येतो, घसा धरतो, अंगावर पुरळ, मानेत गाठी. आपण म्हणतो व्हायरल आहे, गोळी घेतो, आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं जातं आणि विसरूनही जातो. काहींना तर तेवढंही होत नाही. गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, नेमकं याच दिवसांत रक्तात व्हायरस प्रचंड असतो, दुसऱ्याला जायची शक्यताही सगळ्यात जास्त, आणि टेस्ट केली तर ती निगेटिव्ह येऊ शकते. ह्याला विंडो पिरियड म्हणतात. टेस्ट शोधते त्या अँटिबॉडी, म्हणजे व्हायरसशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, अजून पुरेशा तयारच झालेल्या नसतात. त्यामुळे लगेच केलेल्या एका निगेटिव्ह रिपोर्टवर सुटलो म्हणून मोकळं होऊ नये, डॉक्टर सांगतील तेव्हा परत टेस्ट करायची.

आता हा व्हायरस आत करतो काय? आपल्या रक्तात सीडीफोर नावाच्या पेशी असतात. जंतू आला की बाकीच्या पेशींना उठवायचं, कामाला लावायचं काम त्यांचं. एचआयव्ही नेमका त्यांच्यातच शिरतो. त्याच्याकडे त्याची माहिती असते आरएनएच्या रूपात, आपल्या पेशीकडे डीएनएच्या; तो आरएनएचा डीएनए बनवतो आणि आपल्याच पेशीच्या डीएनएमध्ये चिकटवून टाकतो. मग ती पेशी आपलं काम सोडून त्याच्या कॉप्या काढत बसते. त्यात कॉप्या काढतानाही एवढ्या चुका होतात की व्हायरस सतत थोडा थोडा बदलत राहतो, लस बनवायला घाम फुटतो तो यामुळेही.

शरीर लढतं, नव्या पेशी बनवतं, आणि उपचार नसतील तर ही ओढाताण साधारण आठ-दहा वर्षं चालते, कुणाची कमी कुणाची जास्त. माणूस नोकरी करतोय, पोरांना शाळेत सोडतोय, सगळं नॉर्मल. निरोगी माणसात रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये सीडीफोर साधारण ५०० ते १५०० असतात, त्या हळूहळू उतरत जातात. २०० च्या खाली गेल्या किंवा काही ठरावीक आजार झाले की त्या टप्प्याला एड्स म्हणायचं. म्हणजे एचआयव्ही पॉझिटिव्ह असणं आणि एड्स होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पेपरवाले आजही घोळ घालतात. आणि जीव घेतात ते बहुतेक वेळा दुसरेच आजार, सगळ्यात जास्त टीबी.

१९८१ मध्ये अमेरिकेत पहिल्या केसेस नोंदल्या गेल्या, १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये व्हायरस सापडला, १९८७ मध्ये एझेडटी हे पहिलं औषध आलं. पण एकट्या औषधाला व्हायरस काही काळात चकवायचा. १९९६ च्या सुमारास तीन औषधं एकत्र द्यायला लागले आणि चित्र पालटलं, कारण एकाच वेळी तिघांना चकवणं त्याला फार अवघड जातं. तेव्हा दिवसाला मूठभर गोळ्या घ्याव्या लागायच्या, आता बहुतेकांना एक. पूर्वी सीडीफोर खाली यायची वाट बघायचे, २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनाच सांगते की पॉझिटिव्ह निघालं की उपचार सुरू.

रोज गोळी घेतली तर बहुतेकांचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, काही महिन्यांत इतका खाली येतो की टेस्टमध्ये सापडतच नाही. आणि तो तसाच राहिला तर सेक्समधून जोडीदाराला लागण होत नाही. कमी होते असं नाही म्हणत मी, होत नाही. शेकडो जोडप्यांवर वर्षानुवर्षं अभ्यास झालाय. वेळेत उपचार घेणाऱ्या आईचं बाळही बहुतेक वेळा निगेटिव्ह जन्मतं. फक्त व्हायरस गेलेला नसतो, काही पेशींमध्ये झोपून असतो, गोळ्या बंद केल्या की बहुतेकदा काही आठवड्यांत परत हजर.

मिठी, ताट, डास, टॉयलेट, यातून काही होत नाही, हे किती वेळा सांगायचं?

पण सांगावं लागतं, म्हणून तर तो कापूस. पर्समध्ये, डब्याच्या पिशवीत, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये गोळ्या खुळखुळल्या की कुणीतरी विचारतं, कसल्या गं गोळ्या? काही जणी डबीवरचं लेबल खरवडून काढतात, काही जण व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवतात. व्हायरल लोड सापडत नाही, तब्येत ठणठणीत, आणि तरी गोळ्यांचा आवाज होऊ नये याची काळजी.

रात्रीचे नऊ. मोबाईलचा अलार्म फक्त व्हायब्रेट होतो. ती कापूस काढते, एक गोळी, दोन घोट पाणी. कापूस परत आत, बोटाने नीट दाबून.