प्रथिन न घडवणारा आरएनए आणि आपले नेहमीचे आजार

मित्रहो,

ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी सयाजी साहित्यमालेतून नाना विषयांवरची पुस्तके मराठीत आणि गुजरातीत काढवली, त्या शहरात जीवशास्त्रातला एक नवा विषय मराठीतून मांडायला मिळतो आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. विषय नवा असला, तरी ज्या आजारांच्या संदर्भात तो मांडायचा आहे ते आपल्यापैकी बहुतेक घरांना परिचित आहेत : हृदयविकार, मधुमेह आणि कर्करोग.

शाळेत आपण शिकलो ते असे, की डीएनएवरून आरएनएची प्रत निघते आणि त्या प्रतीवरून प्रथिन तयार होते. हे खरेच आहे. पण माणसाच्या जनुकसंचातील सुमारे ३ अब्ज रासायनिक अक्षरांपैकी प्रथिनांची कृती लिहिलेला भाग जेमतेम दीड टक्का भरतो. प्रथिने घडवणारी आपली जनुके सुमारे २०,००० आहेत, आणि एक मिलिमीटर लांबीच्या एका सूत्रकृमीचीही जवळपास तितकीच आहेत. उरलेल्या भागाला १९७२ साली सुसुमु ओहनो यांनी टाकाऊ डीएनए म्हटले आणि ते नाव पुढे कित्येक वर्षे टिकले. त्या सगळ्या भागाला काही ना काही काम असलेच पाहिजे, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा आज नाही. मात्र त्यातील बराच भाग आरएनएच्या रूपात उतरवला जातो, आणि त्यांतले काही आरएनए प्रथिन न घडवताच पेशीच्या कारभारात हात घालतात, हे आता निर्विवाद आहे.

याचा पहिला धागा सापडला तो त्याच सूत्रकृमीत. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रॉस यांच्या प्रयोगशाळेत लिन-४ या जनुकाचा शोध चालू होता. ते बिघडले की अळीची वाढ अडते आणि बाल्यावस्थेतल्या पायऱ्याच ती पुन्हा पुन्हा गिरवत राहते. शोधाचा पट्टा आखूड करत करत शेवटी हाती लागला तो अवघ्या २२ अक्षरांचा एक आरएनए, ज्यातून प्रथिन निघणे शक्यच नव्हते. तिकडे गॅरी रव्हकुन लिन-१४ या दुसऱ्या जनुकावर काम करत होते. १९९२ साली दोघांनी आपापले अक्षरक्रम ताडून पाहिले, तेव्हा लिन-१४च्या संदेशाच्या, म्हणजे प्रथिनाची कृती वाहून नेणाऱ्या आरएनए प्रतीच्या, शेपटीकडे लिन-४शी जुळणारे तुकडे अनेक ठिकाणी आढळले. लहान आरएनए मोठ्या संदेशाला चिकटतो आणि त्यापासून होणारे प्रथिन कमी करतो, हा अर्थ तिथे उलगडला. १९९३ साली हे काम प्रसिद्ध झाले, पण अळीपुरती एक गंमत म्हणून ते बाजूलाच राहिले. २००० साली रव्हकुन यांच्याच गटाला लेट-७ हा दुसरा असा आरएनए सापडला आणि तो माणसातही जसाच्या तसा आहे असे दिसले, तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. या मायक्रोआरएनएंच्या शोधासाठी दोघांना २०२४चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मायक्रोआरएनए प्रथिनाचे उत्पादन बहुधा पूर्ण थांबवत नाही, ते थोडे उतरवतो. आणि एकच मायक्रोआरएनए अनेक संदेशांवर एकाच वेळी असा हात ठेवून असतो. माझ्या मते आपल्या विषयाचा गाभा इथेच आहे. हिमोफिलियासारख्या आजारात एक प्रथिन मोडलेले किंवा नसलेलेच असते. परंतु मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या बहुतेकांच्या शरीरात सगळी प्रथिने जागच्या जागी आणि धड असतात. चुकलेली असते ती मात्रा. भाजीत सगळे जिन्नस उत्तम असूनही मिठाचा हात थोडा चुकला तर ती बिघडते, तसे हे आहे.

मधुमेहाचेच पाहा. स्वादुपिंडातील इन्शुलिन स्रवणाऱ्या बीटा पेशींत मायक्रोआरएनए-३७५ विपुल असतो. २००४ साली असे दिसले, की त्याचे प्रमाण वाढवले तर ग्लुकोज मिळूनही इन्शुलिन कमी स्रवते. तो कमी केलेला बरा, असे त्यावरून कोणालाही वाटेल. पण पुढे उंदरांतून तो काढूनच टाकला, तेव्हा बीटा पेशींची संख्या घटली आणि रक्तातली साखर वाढली. म्हणजे अधिकही बाधते आणि उणेही.

कर्करोगात हे नाते सर्वांत आधी स्पष्ट झाले. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा अनेक रुग्णांत गळालेला असतो. कितीतरी वर्षे त्या तुकड्यात कर्करोग रोखणारे, प्रथिन घडवणारे जनुक शोधले जात होते. २००२ साली जॉर्ज कॅलिन, कार्लो क्रोचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की तिथे मायक्रोआरएनए-१५ आणि १६ यांची जनुके आहेत. हे दोघे बीसीएल-२ या प्रथिनाला आवर घालतात. बीसीएल-२ पेशीला मरू देत नाही. आवर घालणारेच गेल्यामुळे ज्या पेशींनी वेळेवर मरायला हवे त्या साठत जातात. याच बीसीएल-२ला अडवणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६पासून या आजारात वापरात आहे.

हृदयविकाराची कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. २००७ साली स्वतंत्र गटांनी हजारो लोकांचे जनुकसंच तपासले आणि हृदयाच्या रोहिण्यांच्या विकाराशी जोडलेली जागा म्हणून सर्वांनी नवव्या गुणसूत्रावरच्या ९पी२१ या एकाच भागावर बोट ठेवले. तिथले धोक्याचे बदल दुर्मीळ नाहीत, ते लोकसंख्येत सर्रास आढळतात. दक्षिण आशियाई लोकांतही हा संबंध दिसला आहे. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, साखर यांचा हिशेब वजा केला तरी हा धोका शिल्लक राहतो. आणि त्या पट्ट्यात प्रथिन घडवणारे एकही जनुक नाही. तिथून जातो तो अ‍ॅनरिल नावाचा लांबलचक आरएनए, जो शेजारच्या, पेशीविभाजनाला लगाम घालणाऱ्या जनुकांच्या कामात ढवळाढवळ करतो. त्याची एक सरळ रूपातली आणि एक कड्यासारखी वर्तुळाकार अशी दोन रूपे आहेत. सरळ रूप रोहिण्या कठीण होण्याच्या बाजूने, तर वर्तुळाकार रूप संरक्षणाच्या बाजूने काम करते, असे २०१६ सालच्या संशोधनातून पुढे आले. सगळी साखळी जुळली आहे असे नाही, अभ्यासकांत मतभेद आहेत. पण बापाला लवकर झटका आला होता म्हणून मुलगा धास्तावतो, तेव्हा त्याच्या घराण्यातून आलेल्या धोक्याचा काही अंश एखाद्या प्रथिनात नव्हे तर अशा ठिकाणी लिहिलेला असू शकतो, हे आपण जाणून असावे.

उपचारांबाबत मात्र सबुरीने बोलले पाहिजे. कर्करोगाला रोखणाऱ्या मायक्रोआरएनए-३४ची नक्कल औषध म्हणून देण्याची चाचणी २०१६ साली थांबवावी लागली, कारण काही रुग्णांत प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया जीवघेणी ठरली. अनेक संदेशांवर एकाच वेळी हात ठेवणारा रेणू बाहेरून भरपूर प्रमाणात दिला, तर तो नको तिथेही पोहोचणारच. रक्तातल्या मायक्रोआरएनएंवरून मोठमोठ्या रोगांचे भाकीत करणाऱ्या तपासण्यांची जाहिरात कुठे दिसली, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे; प्रयोगशाळा बदलली की या तपासण्यांचे आकडे बदलतात, हे त्यांचे मोठे दुखणे आहे. लघवीतील पीसीए-३ हा आरएनए मोजून प्रोस्टेटची पुन्हा बायॉप्सी करावी की नाही हे ठरवायला मदत करणारी चाचणी अमेरिकेत २०१२ साली मान्य झाली. तिचा उपयोग मर्यादित आहे, पण त्या मर्यादेत तो खरा आहे.

सर्वांत भक्कम यश आले ते एकाच संदेशाला नेमके गाठणाऱ्या, प्रयोगशाळेत बनवलेल्या लहान आरएनएंना. इन्क्लिसिरान हे त्यांपैकी एक. ते यकृतातील पीसीएसके-९ या प्रथिनाचा संदेश मोडते, त्यामुळे यकृत रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल अधिक ओढून घेते आणि त्याचे प्रमाण सुमारे निम्म्यावर येते. पहिले इंजेक्शन, तीन महिन्यांनी दुसरे, आणि पुढे सहा महिन्यांतून एकदा. युरोपात २०२० साली आणि अमेरिकेत २०२१ साली त्याला मान्यता मिळाली. हे जमले, कारण आरएनएला साखरेसारखा एक रेणू जोडला की यकृताच्या पेशी तो ओळखून आत घेतात. हृदयाच्या स्नायूला, स्वादुपिंडाला किंवा मेंदूला असा सोपा पत्ता अजून सापडलेला नाही, आणि आज या शाखेतल्या कितीतरी प्रयोगशाळा त्याच पत्त्याच्या शोधात आहेत.