बागेचं सामान रात्री काय करतं?

(गच्चीवर आणि परसात बाग करणाऱ्यांसमोर पुण्यात मे महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. पाऊस तोंडावर आलाय. रोपवाटिकांमध्ये आता गर्दी सुरू होईल आणि रोपांबरोबर दोन-चार पिशव्या सामानही घरी येईल. त्या पिशव्यांवर हल्ली हिरवं पान छापलेलं असतं आणि खाली ‘जैविक’, ‘नैसर्गिक’, ‘इको-फ्रेंडली’ यांपैकी काहीतरी. तेवढ्यावरून वस्तू घेऊ नका, एवढंच सांगायला मी आलोय. ती कशाची बनली आहे हे पाहाच, पण आपण दिवे मालवून झोपल्यावर ती बागेत कोणाला अडकवते, कोणाला मारते, हे आधी विचारा. कडुनिंबाचं तेलही जीव घेतं आणि पोलादी खुरपी कुणाच्या वाटेला जात नाही.

जाळीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं. ज्यांची गावाकडे घरं आहेत त्यांनी जरा कान देऊन ऐका. चिकूवर वटवाघळं येतात, पेरूवर पोपट, वाफ्यात शेजारच्या कोंबड्या. मग आपण बाजारातून पातळ दोऱ्याची नायलॉनची जाळी आणतो, झाडावर टाकतो आणि उरलेली कुंपणाच्या पायाशी लोंबती सोडतो. रात्री उंदराच्या मागावर धामण येते. तिचं डोकं जाळीच्या घरातून सहज पलीकडे जातं, वीतभर अंगही जातं, मग जाड भाग अडतो. मागं यावं म्हटलं तर खवल्यांच्या कडा शेपटीकडे वळलेल्या, त्यांच्याखाली दोरा शिरतो. म्हणून ती पुढेच रेटते, दुसऱ्या घरात शिरते, पीळ घालते. सकाळपर्यंत तो दोरा कातडीत रुतलेला असतो. ऊन चढेपर्यंत कुणी पाहिलं नाही, तर संपलंच. पाहिलं तर सर्पमित्राला बोलवा आणि तो येईपर्यंत लांब उभे राहा. स्वतः कात्री घेऊन पुढे जाऊ नका, कारण याच जाळ्यांत नाग आणि घोणसही सापडतात.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने यावर सरळ नियमच केला. घरगुती फळझाडांवर टाकायच्या जाळीचं छिद्र पूर्ण ताणल्यावरही 5 मिलिमीटरपेक्षा मोठं असता कामा नये. सप्टेंबर 2021 पासून तो लागू आहे. आपल्याकडे घरच्या बागेपुरतं तेवढंच माप पाळा. दुकानातच जाळी ताणून करंगळी घालून बघा. गेली, तर जाळी परत ठेवा. आणि जाळी लावायचीच असेल तर चौकटीवर ताणून बसवा, जमिनीवर लोळू देऊ नका. सैल जाळी सगळ्यात वाईट.

खरं म्हणजे चार झाडांसाठी जाळीची गरजच नसते. हापूसला कागदी पिशव्या घालणं कोकणात आता रुळलंय. पेरू, डाळिंब, सीताफळ यांनाही कागदाच्या किंवा जुन्या सुती साडीच्या पिशव्या चालतात. फळमाशीही आवरते. हात पोचतील तेवढ्या फळांना पिशव्या बांधा, शेंड्यावरची पाखरांना राहू द्या. तशीही ती आपल्या हाती लागत नाहीत.

पिवळे चिकट सापळे गच्चीवर सर्रास लटकवलेले दिसतात. पांढरी माशी आणि मावा त्यांना चिकटतो हे खरं. पण पिवळा रंग सिरफिड माशीलाही आवडतो, जिची अळी मावा खाऊन जगते. ढालकिडे (लेडीबर्ड) चिकटतात, छोट्या मधमाश्या चिकटतात, आणि त्यांना खायला आलेली पाल चिकटते. सापळा पाहणीपुरता ठेवा: एक लावा, दोन दिवसांनी त्यावर कोण आलंय ते बघा आणि काढून टाका. उंदरांसाठीच्या चिकट पुठ्ठ्याबद्दल तर बोलायलाच नको. तो आणूच नका.

आता फवारणी. त्याआधी एक वस्तू विकत घ्या: दहापट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं, कुठल्याही चष्म्याच्या किंवा प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतं. माझ्या मते बागेतलं सगळ्यात उपयोगी अवजार हेच. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसला की आपण पिठ्या ढेकूण समजून पंप उचलतो. पण त्या कापसात कधी कधी पिठ्याच खाणारी अळी असते, क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची. तिच्या अंगावरही तसेच पांढरे मेणाचे झुपके, आणि पिठ्यापेक्षा लांब. भिंगाखाली धरा. पिठ्या जवळजवळ बसूनच असतो, ही मात्र ऐटीत फिरत असते. द्राक्ष आणि सीताफळाचे बागायतदार हाच किडा प्रयोगशाळेतून विकत आणून सोडतात, आणि आपण फुकट आलेल्यावर औषध मारतो.

कढीपत्त्याचंही तसंच. पानावर पाखराची शीट पडल्यासारखं काही दिसलं, तर हात लावून बघा. लिंबाच्या किंवा कॉमन मॉर्मन फुलपाखराची कोवळी अळी अशीच दिसते, तपकिरी-पांढरी, ओलसर. काही दिवसांत ती हिरवीगार होते. डिवचली, तर डोक्यामागून दोन नारिंगी-लाल शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. मुलांना हे एकदा दाखवा, ती पुन्हा पुन्हा मागतील. महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉर्मन याच गोत्रातलं, त्याच्या अळ्या लिंबू वर्गातल्या झाडांवर वाढतात. निंबोळी अर्काला मावा कोणता आणि ही अळी कोणती, हे कळत नाही. अळ्या फारच झाल्या तर हाताने उचलून एका जादा कढीपत्त्याच्या कुंडीत सोडा.

अर्क लागणारच नाही असं मी म्हणत नाही. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवा, सकाळी कापडातून गाळा, थोडं साबणाचं पाणी घाला. तो झाला पाच टक्क्यांचा अर्क. फवारायचा संध्याकाळी, कारण उन्हात त्यातलं अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्य, लवकर मोडतं आणि तोवर मधमाश्याही परतलेल्या असतात. फुलांवर मारू नका, कीड दिसते त्याच फांदीवर मारा. पाठीवरचा मोठा पंप घरी नकोच. हातात मोठा पंप आला की माणूस सगळी बाग भिजवूनच थांबतो. आणि माव्याला आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा द्या. निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम भागतं.

गोगलगायींवर जरा थांबतो. 2022 च्या खरिपात लातूर-बीडकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं फस्त केली, तेव्हापासून गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या शहरी बागवाल्यांनाही माहीत झाल्या आहेत. ब्रिटनमध्ये बागेत आणि शेतात उघड्यावर त्या वापरायला मार्च 2022 अखेर बंदी आली. कुत्र्यामांजरांनी खाल्ल्या तर जिवावर बेततं. शिवाय ही शंखी आफ्रिकेतून आलेली. पण गोळी आपल्या देशी गोगलगायींनाही मारते, आणि काजव्यांच्या अळ्या गोगलगायींवरच जगतात. पुढच्या पंधरवड्यात तुमच्यातले निम्मे लोक काजवे बघायला भंडारदऱ्याकडे जातील, म्हणून मुद्दाम सांगतोय. भारद्वाजही गोगलगायी खातो. तेव्हा गोळ्या सोडा. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याच्या कडेला टाका. सकाळी त्याखाली शंखी जमलेल्या असतात. हातमोजे घालून उचला, कारण त्यांच्यात माणसाला बाधणारे कृमी असू शकतात, आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ मातीत टाकू नका, झाडं जळतात.

उंदराच्या विषाबद्दल एकच वाक्य: विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्तावून उघड्यावर फिरतो आणि गव्हाणी घुबडाला आयताच सापडतो. पिंजरा लावा.

पाण्याचं सामान बहुतेक घरात आधीच असतं. संक्रांतीची सुगडं वाण देऊन उरतात ना? ती कुंडीत तोंडापर्यंत पुरा, पाणी भरा, वर करवंटी उपडी घाला. भिंतीतून पाणी पाझरतं, मुळं त्याच्याकडे येतात, आणि माती वरून कोरडी राहिल्याने तणही कमी. मोठ्या वाफ्यात हेच माठ पुरून करतात. फक्त आधी सुगड भरून तासभर फरशीवर ठेवा. बाहेरून घाम आला तर कामाचं. हल्ली काहींवर ऑइलपेंट मारलेला असतो, ती पाझरत नाहीत. करवंटी मात्र विसरू नका, नाहीतर डासांची सोय होईल.

पाखरांसाठी पसरट, उथळ मातीचं ताट बरं. मधे एक दगड ठेवा म्हणजे फुलपाखरांनाही टेकता येतं. पाणी रोज बदलायचं आणि आठवड्यातून एकदा काथ्याने घासायचं. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या काठाला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात, नुसतं ओतून देऊन भागत नाही. धान्य मात्र टाकू नका. त्याला कबुतरं येतात, चिमण्या नाही. आणि दादरच्या कबुतरखान्यावरून 2025 मध्ये काय रण माजलं ते तुम्ही पाहिलंच.

हौद किंवा पिंप उघडं असेल तर आत एक खडबडीत फळी तिरकी लावून ठेवा. उन्हाळ्यात खार पाणी प्यायला वाकते, पडते, आणि गुळगुळीत प्लास्टिकवरून तिला वर येता येत नाही. फुकटचं काम आहे, पण कुणी करत नाही.

वेल बांधायला सुतळी किंवा काथ्या घ्या. प्लास्टिकची दोरी आणि विणलेल्या ग्रो-बॅग उन्हाने झिजल्या की त्यांचे धागे सुटतात. बुलबुल आणि मुनिया ते घरट्यात नेतात, पिलांचे पाय त्यात गुंततात. ज्यांच्याकडे अशा बॅग आहेत त्यांनी लगेच फेकू नका, कडा दुमडून घ्या, सुटलेले धागे कापा.

भुंग्यांसाठी आणि एकट्या राहणाऱ्या माश्यांसाठी बाजारात रंगीत ‘बी हॉटेल’ मिळतात. दिसायला गोड, पण बहुतेकांची भोकं आखूड असतात आणि आतून साफ करता येत नाहीत. त्यापेक्षा बांबूचे वीतभर तुकडे घ्या, मागं पेराची गाठ ठेवा म्हणजे ते बंद राहतात, पेन्सिलीएवढ्या भोकाचे निवडा, जुडी बांधून पावसाचा मारा लागणार नाही अशा पूर्वेकडच्या भिंतीला टांगा. दर वर्षी नवे तुकडे. गुलाबाच्या पानांना कुणी कंपासने कापल्यासारखे गोल तुकडे काढलेले दिसले, तर फवारू नका. पानकापी माशी ते तुकडे नेऊन घर मांडतेय.

आणि खुरपी. ऑनलाइन मिळणारे चकचकीत संच बघून भुलू नका, मुठीपाशी वाकतात. आठवडी बाजारात लोहाराकडे ट्रकच्या कमानपाट्याची खुरपी मागा, बाभळीच्या मुठीची. ती जमिनीत उथळ चालते, आणि पावसाळ्यात ते महत्त्वाचं, कारण कुंडीखाली आणि पाचोळ्यात बेडूक बसलेले असतात. कुदळ घालण्याआधी पाचोळा काठीने हलवा. बेडूक वाचतो, आणि खाली घोणस असेल तर तुम्हीही.

चिमण्यांच्या पेटीबद्दल चिठ्ठी आली आहे. भोक 32 मिलिमीटरचं ठेवा म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. पत्र्याची पेटी नको, मे महिन्यात आत भट्टी होते. लाकडाची घ्या, आतून रंग नको, आणि भोकाखाली बसायची दांडी लावू नका. चिमणीला ती लागत नाही, कावळ्याला लागते.

बाकीचं टेबलावर मांडलंय. भिंग, सुगडं, दोन प्रकारच्या जाळ्या, बांबूची जुडी. करंगळी घालून बघा. खुरपीला मात्र आजच धार लावून आणली आहे, मुलांना जरा लांब ठेवा.