सुएझ : कर्जाच्या वाटेने आलेली सत्ता

१८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर कोल्हापूर संस्थानावर इंग्रज पोलिटिकल अधिकाऱ्याची पकड बसली. गादी छत्रपतींचीच राहिली, पण महत्त्वाचा निर्णय त्या अधिकाऱ्याच्या संमतीवाचून होईना. हा इतिहास जाणणाऱ्या कोल्हापूरकरांना इजिप्तमध्ये पुढे काय घडले, ते चटकन उमगेल.

फ्रेंच मुत्सद्दी फर्दिनां द लेसेप्स यांना इजिप्तचे राज्यकर्ते सईद पाशा यांनी १८५४ मध्ये सुएझ कालव्याची सनद दिली, तेव्हा हिंदुस्थानच्या वाटेवर फ्रान्स येऊन बसेल या धास्तीने इंग्लंडने कडाडून विरोध केला. वेठबिगारीवर राबवलेल्या इजिप्ती शेतकऱ्यांच्या घामातून तो कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि थोड्याच वर्षांत तेथून जाणाऱ्या बोटींत ब्रिटिशांच्याच बोटी सर्वाधिक झाल्या.

अमेरिकेतील यादवी युद्धात कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या भरवशावर इजिप्तचे खेदिव (म्हणजे राज्यकर्ते) इस्माईल यांनी भरमसाट कर्जे काढली आणि भाव कोसळल्यावर ते सावकारांच्या कचाट्यात सापडले. १८७५ मध्ये त्यांनी कालवा कंपनीचे आपले १,७६,६०२ समभाग विक्रीला काढले. पार्लमेंटचे अधिवेशन चालू नसतानाही पंतप्रधान डिझरायली यांनी रॉथशिल्ड पेढीकडून सुमारे ४० लाख पौंड उचलून ते विकत घेतले. यातली सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की, या समभागांवरील लाभांश इस्माईल यांनी आधीच गहाण टाकलेला असल्याने, तो मोकळा होईपर्यंत इजिप्तनेच इंग्लंडला दरसाल ५ टक्के व्याज भरायचे होते. मालमत्ता गेली आणि वर देणेही राहिले.

पुढच्याच वर्षी परकीय धनकोंचे कर्ज आयोग कैरोत बसले. १८७९ मध्ये इस्माईल पदच्युत झाले. या परकीय वर्चस्वाविरुद्ध कर्नल अहमद उराबी उभे राहिले, तेव्हा १८८२ मध्ये ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या. तेल-अल-केबीरच्या लढाईत उराबींचा पाडाव करणाऱ्या फौजेत हिंदी पलटणीही होत्या, याची नोंद आपण विसरू नये.

त्यानंतर कैरोत ब्रिटिश एजंट म्हणून आले एव्हलिन बेरिंग, जे त्याआधी व्हाइसरॉयच्या मंडळात हिंदुस्थानचे अर्थखाते सांभाळत होते. खेदिव नावाला राज्य करीत राहिले आणि १९०७ पर्यंत कारभार बेरिंग यांच्या सल्ल्याने, म्हणजे खरे तर हुकुमाने, चालला.

ब्रिटन आणि इजिप्त यांच्यातील १९३६ च्या करारानेही कालव्याच्या पट्ट्यात १०,००० ब्रिटिश सैनिक ठेवण्याची मुभा कायम राहिली. शेवटची तुकडी जून १९५६ मध्ये निघाली, आणि २६ जुलैला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले.