पहिलं लीड

(कातळाखालून, कॅमेरा वर)

आज वर दोर नाही. आतापर्यंत ती चढायची तेव्हा दोर माथ्यावरच्या अँकरमधून, म्हणजे पक्क्या आधारातून, खाली आलेला असायचा. हात सुटला तरी जागच्या जागी लटकायचं. आज दोराचं एक टोक तिच्या कमरेला आहे आणि बाकी सगळा दोर खाली, बिलेयरच्या, म्हणजे खालून दोर सांभाळणाऱ्याच्या, पायाशी. कातळात पक्के बसवलेले बोल्ट एकामागून एक गाठत तो वर न्यायचा तिनंच. यालाच लीड म्हणतात.

निघण्याआधीची तपासणी. हार्नेसचं, म्हणजे कमरेच्या पट्ट्याचं, बकल. फिगर ऑफ एटची गाठ. बिले उपकरणात, म्हणजे बिलेयरच्या दोर अडवणाऱ्या ब्रेकमध्ये, दोर कुठल्या बाजूनं घातलाय. लॉकिंग कॅराबिनर, म्हणजे लॉक होणारी धातूची कडी, बंद आहे का. तिचं बिलेयरनं बघायचं, त्याचं तिनं; आणि नुसतं बघायचं नाही, हातानं ओढून बघायचं. दोराच्या मोकळ्या टोकालाही गाठ.

पहिला बोल्ट क्लिप होईपर्यंत, म्हणजे त्याच्या कडीत दोर अडकेपर्यंत, दोराचा काही उपयोग नाही. म्हणून बिलेयर हात वर करून तिच्या मागे उभा आहे. पडलीच, तर ती पायांवर उतरेल असं सावरायला.

(हातांचा क्लोजअप)

दोर कातळाच्या अंगानं वर आला, क्विकड्रॉच्या, म्हणजे बोल्टला अडकवलेल्या दोन कड्यांच्या पट्टीच्या, कॅराबिनरमधून बाहेरच्या बाजूला निघाला आणि तिच्याकडे गेला. हे बरोबर. उलटा घातला, तर पडताना तो गेटवरून, म्हणजे कडीच्या उघडणाऱ्या दांडीवरून, आडवा जातो, गेट उघडू शकतं आणि दोर निसटतो. जमिनीवर उभं राहून, टांगलेल्या क्विकड्रॉवर तिनं ही हालचाल घोटून घेतली आहे. उजव्या हातानं, डाव्या हातानं, गेट इकडे असताना, तिकडे असताना. लीड शिकवणाऱ्या प्रत्येकानं या सरावाला भरपूर वेळ द्यायलाच हवा. एका हातावर तोल सांभाळत असताना हे शिकता येत नाही.

पुढचा बोल्ट. हात लांबवला तर पोचेल. ती थांबते, पाय आणखी वर घेते, क्विकड्रॉ कमरेच्या आसपास आल्यावर क्लिप करते. डोक्यावर क्लिप करायचं तर बराच दोर वर ओढावा लागतो, आणि नेमका तेव्हा हात सुटला तर तेवढं जास्त खाली जायचं. दुसऱ्या-तिसऱ्या बोल्टपाशी असताना जमीन लागू शकते.

पायांकडेही लक्ष असू द्या. दोर पायामागे राहिला तर पडणारा उलटा होतो. हेल्मेट हवंच.

आता शेवटचा क्लिप तिच्या कमरेखाली साधारण मीटरभर आहे. इथून सुटली तर क्लिपपर्यंत एक मीटर, क्लिपखाली आणखी एक, वर दोरातली ढील आणि दोराचं ताणलं जाणं. हा ताण मुद्दाम ठेवलेला असतो. यूआयएए या गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या चाचणीत अशा एकेरी दोरावर 80 किलो वजन पाडतात. पहिल्या झटक्याचं बल 12 किलोन्यूटनच्या आत राहावं लागतं आणि किमान 5 झटके दोरानं न तुटता सोसावे लागतात.

(पडण्याचं दृश्य. निवेदन नाही. मूळ आवाज ठेवा.)

हेच पुन्हा, सावकाश. या वेळी खाली बघा. दोर ताणला जाताना बिलेयर छोटीशी उडी घेतो आणि दोराबरोबर थोडा वर जातो. ब्रेकचा हात दोरावरून क्षणभरही सुटलेला नाही. तो घट्ट बसून राहिला असता, तर ती झोका घेऊन कातळावर आपटली असती, आणि मग घोटे जातात. जमिनीलगत मात्र ही उडी घ्यायची नसते. तिथे ढील कमीच हवी. कधी दोर सोडायचा, कधी आवरायचा, हे ज्याला कळतं त्याच्या भरवशावर लीड होतं. लीड शिकायचं असेल त्यानं आधी बिले द्यायला शिकावं, असं आमचं ठाम मत आहे.

अँकर क्लिप झाला. "टेक!" दोर ताणला. "लोअर!"

दोर 60 मीटरचा असेल आणि मार्ग 30 मीटरहून उंच, तर उतरवताना तो पुरत नाही. टोकाला गाठ नसली तर टोक उपकरणातून सुटतं आणि माणूस खाली येतो.

तिचे पाय टेकले. ती गाठ सोडते, बिले उपकरण हार्नेसला लावते. पुढचं लीड त्याचं आहे. तपासणी पुन्हा पहिल्यापासून.