कितव्या दिवसापासून रडतेस?

(पुण्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बाळंतीण रडायला लागली की घरातून पहिलं वाक्य येतं, ‘अगं, एवढं गोड बाळ झालंय, रडतेस कशाला?’ या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसतं. त्याऐवजी विचारा, कितव्या दिवसापासून रडतेस? आणि बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का?

दिवस मोजायला का सांगते आहे, ते बघा. गरोदरपणी वारेतून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक भरपूर तयार होतं. त्यापासून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन बनतं. मेंदूची उत्तेजना आवरणारी जी गाबा यंत्रणा आहे, तिला ते बळ देतं. वार पडली की हा पुरवठा तुटतो आणि काही दिवसांतच पातळी कोसळते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी निम्म्याहून जास्त बायकांना रडू येतं ते याच सुमारास. दोन आठवड्यांत ते बहुधा आपोआप ओसरतं. ही घसरण प्रत्येकीच्या शरीरात होते, पण आधी नैराश्य येऊन गेलेलं असेल, घरात मारहाण असेल, सलग चार तास झोप मिळत नसेल, तर सावरणं जड जातं. ‘मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी झालं’ एवढ्यानं हे समजत नाही, आणि ते मोजून नैराश्य ठरवणारी रक्ततपासणीही नाही. तपासायचं ते हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२ जीवनसत्त्व. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तर ते हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं.

दोन आठवडे उलटूनही उदासी हटत नसेल, तर बाळंतपणानंतरच्या नैराश्याची चाळणी करणारी एडिनबरा प्रश्नावली भरून घ्यावी. १० प्रश्न, गेल्या ७ दिवसांबद्दलचे, एकूण गुण ३०. १३ किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ‘कधीच नाही’ सोडून काहीही उत्तर आलं, तर बेरीज न बघता त्याच दिवशी. सासूबाई शेजारी बसलेल्या असताना मात्र ही प्रश्नावली भरून घेऊ नका. सगळी उत्तरं ‘ठीक’ येतात.

आपल्याकडे सवा महिना माहेरी निभतो. खरी पडझड पुष्कळदा सासरी परतल्यावर दिसते, तोवर प्रसूतितज्ज्ञांची तपासणी संपलेली असते. पण बाळाच्या लशी ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात. त्या तिन्ही वेळी आईलाही विचारता येतं. हे अजून सगळीकडे होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

एक प्रकार वेगळाच, बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार. हजारात एक-दोघींना, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत: झोप नाही तरी थकवा नाही, असंबद्ध बोलणं, घरच्यांवर संशय. याला ‘बाहेरचं’ म्हणून अंगारा लावण्यात रात्र घालवू नका. बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका, तिलाही एकटं सोडू नका, ताबडतोब रुग्णालयात न्या.

अंगावर पाजणाऱ्या आईला सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध बऱ्याचदा दिलं जातं; दुधात ते फार थोडं उतरतं. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते, म्हणून आठव्या दिवशी गोळी बंद पडते. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची, आणि थांबवायची ती डॉक्टरांना विचारून, हळूहळू. पूर्वी कधी झोपेविना उत्साहाचं उधाण आलं असेल, तर ते आधीच सांगा. अशा वेळी नुसत्या नैराश्याच्या गोळीनं उन्माद उसळू शकतो.

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. पुण्याच्या ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जाताना रडणं कधी सुरू झालं त्या तारखांचा कागद आणि आधीच्या गोळ्यांची पाकिटं न्या, आणि डॉक्टरांसमोर तिला पाच मिनिटं एकटीला बोलू द्या.