सासूबाईंनी जपलेला केसपेपर

नमस्कार, श्रोतेहो.

भायखळ्याच्या महिला कारागृहाबाहेर, भेटीच्या रांगेत, मला कुर्ल्याच्या एक आजी भेटल्या. सोबत सात वर्षांचा नातू. आत होती सून, आणि तिच्याविरुद्ध तक्रार होती आजींच्याच मुलाची. तो पिऊन रोज मारायचा. एका रात्री त्यानं पोरावर हात उगारला, तेव्हा सुनेनं वरवंटा उचलला. त्याचं डोकं फुटलं. तो वाचला, आणि हिच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ आत राहू शकतं. हा सात वर्षांचा, म्हणून आजींकडे.

आजी गुडघे धरत स्टेशनचे जिने चढून यायच्या.

सरकारी मदतीतून मिळालेल्या वकीलबाईंनी विचारलं, “आधीच्या मारहाणीचं काही कागदपत्र?” सून गप्प. आजींनी रेशनकार्डाच्या पिशवीतून पालिकेच्या दवाखान्याचा जुना केसपेपर काढला. मनगट मोडलेलं, कारण लिहिलं होतं, ‘जिन्यावरून पडली’. आजी म्हणाल्या, “पडली नव्हती. माझ्या लेकानं मोडलं. जिन्याचं सांग, असं मीच तिला बजावलं होतं. आता कोर्टात उभी करा मला.”

सख्ख्या मुलाविरुद्ध बोलायला त्या माउलीला काय बळ लागलं असेल! सुनेला जामीन झाला. खटला अजून चालू आहे.

म्हणून सांगते, मारहाणीचे कागद जपा. दवाखान्यात खरं कारण लिहून घ्या. पुन्हा सांगते, खरं कारण लिहून घ्या. अटक झाली तर वकिलाला पहिल्याच भेटीत मारहाणीचं सगळं सांगा. जामिनाला आणि स्वसंरक्षणाच्या मुद्द्याला तेच उपयोगी पडतं. बाईला सरकारी वकिली मदत मोफत मिळते, उत्पन्न कितीही असो. आई आत असेल तर मुलाच्या सांभाळासाठी मदत देणाऱ्या सरकारी बालसंगोपन योजनेची चौकशी करा. आणि मुलाला ‘आई गावाला गेलीय’ असं सांगू नका. त्याला भेटायला न्या.

नंबर लिहून घ्या. घरात मारहाण होत असेल तर 181. मुलासाठी 1098. मोफत वकिलासाठी 15100. पुन्हा एकदा, वकिलासाठी 15100.